गोधडीचे ऊन

वंदना उठली तेव्हा अंजू बसूनच झोपलेली होती. दोन्ही उशा भिंतीला लावून तिने त्यांवर पाठ टेकवली होती. तोंड उघडे होते, आणि उकळत्या पातेल्यावरचे झाकण थरथरावे तसा बारीक आवाज प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या छातीतून येत होता. बाहेर अजून नीट उजाडले नव्हते. वंदनाने चूल पेटवून पाणी उकळायला ठेवले. ते होईपर्यंत अंगणात सडा शिंपला आणि ओल्या मातीवरूनच खराटा फिरवला. कोरडे अंगण झाडले की घरात शिंका सुरू होतात, हे तिला माहीत झाले होते.

पाणी निवून कोमट झाल्यावर तिने जुन्या सुती लुगड्याचा तुकडा त्यात भिजवला आणि अंजूच्या पापण्यांवर धरला. रात्रीतून मुलीचे दोन्ही डोळे चिकटून जात. ते ओढून उघडायचे नसतात. चिकटा मऊ होऊन आपोआप सुटेपर्यंत थांबावे लागते. मग नाकाकडच्या कोपऱ्यापासून कानाकडे पुसत न्यायचे, आणि दुसऱ्या डोळ्याला कापडाचे दुसरे टोक घ्यायचे. अंजू नऊ वर्षांची होती. पहिल्या वर्षी ती या वेळी रडून घर डोक्यावर घेई. आता रडत नसे.

"दिसून राहिलं का?"

"दिसते," अंजू म्हणाली, आणि शिंकायला लागली.

ती शिंक एकटी कधीच येत नसे. एकामागून एक शिंका येत, प्रत्येकीबरोबर मुलीचे अंग कमरेत मोडल्यासारखे पुढे झुके, आणि मधल्या क्षणात ती घाईघाईने तोंडाने श्वास ओढून घेई. ओसरीत कडुनिंबाची काडी चावत उभा असलेला तिचा आजा शालिकराम त्या शिंका संपेपर्यंत थांबत असे. तेवढा वेळ तो थुंकतही नसे. शिंका संपल्या की तो आतल्या बाजूला न पाहताच विचारी, "झालं का वं माय?" आणि अंजू नाक पुसत सांगे, "झालं, आबाजी."

गोळी, गूळ घातलेला चहा आणि कालची पोळी झाल्यावर वंदनाने अंजूच्या अंगाखालची गोधडी ओढून घेतली. स्वतःची दोन जुनी लुगडी आणि सासूचे एक, अशा तीन लुगड्यांची ती गोधडी होती. मागच्या दाराबाहेर नेऊन तिने ती दोनदा झटकली, आणि बोळ ओलांडून समोरच्या तारेवर पसरली. जिकडे अंजू तोंड ठेवते ती बाजू उन्हाकडे केली. तारेचे काटे गोधडीत अडकत, त्यामुळे वारा आला तरी ती पडत नसे.

ही तार घरांचे प्लॉट पाडायला घेतलेल्या एका रिकाम्या लेआउटची होती. खापा गावाच्या या टोकाला पूर्वी ज्वारीचे वावर होते. नागपूरच्या बेसा भागात राहणाऱ्या भैय्याजी नावाच्या गृहस्थाने ते विकत घेतले, सिमेंटचे खांब रोवून काटेरी तार ताणली आणि पुन्हा फिरकून पाहिले नाही. बोळातल्या बायकांना मात्र कपडे वाळवायला लांबलचक, ताठ तार आयती मिळाली. तारेच्या आत पाऊस लागला की गाजरगवत कमरेएवढे वाढे आणि पोळ्याच्या सुमारास पांढऱ्या बारीक फुलांनी भरून जाई. लहानपणी अंजू तारेखालून हात घालून ती फुले ओंजळभर खुडून आणत असे आणि भातुकलीत साबुदाणा म्हणून शिजवत असे.

गोधडीला रोज ऊन दाखवायचे, हे वंदना गेल्या वर्षापासून करत होती. सावनेरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की अंथरुणात धूळ असते, तिच्यात डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, कडक उन्हात ते मरतात. वंदनाने ते मनावर घेतले. माहेरच्या लग्नाला गेली तेव्हाही तिने शेजारणीला बजावून ठेवले होते. पावसाचा दिवस सोडला तर गोधडीचे ऊन एकदाही चुकले नव्हते.

त्या दिवशी अंजू मधल्या सुट्टीच्या आतच शाळेतून परत आली. बरोबर चपराशी होता. बाईंनी सांगितले होते की वर्गातल्या मुलांच्या पालकांची तक्रार आहे. पोरगी शिंकते, डोळे लाल असतात, बाकीच्या लेकरांना लागण झाली तर जबाबदार कोण. हे लागट नाही, असे शालिकरामने चपराशाला सांगून पाहिले. चपराशी म्हणाला, मलाही माहीत आहे, पण मी काय शाळा चालवतो का. तो गेल्यावर अंजूने दप्तर खुंटीला अडकवले आणि ओसरीच्या कडेवर बसून अंगठ्याच्या मुळाने डोळे चोळू लागली. म्हाताऱ्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातात धरून ठेवले. ते सोडवायला ती धडपडली नाही.

"मले शेंबडी म्हणतात," ती म्हणाली.

"कोन म्हनते?"

"सगळेच म्हणतात. बाई नाही म्हणत."

वंदना तेव्हा नदीच्या बाजूला, दुसऱ्याच्या कपाशीत निंदत होती. घरचे रान थोडे होते. तिचा नवरा वैभव ते सांभाळून भाड्याचा ट्रॅक्टर चालवी, आणि वंदना मैनाबाईच्या टोळीत निंदायला जाई. मैनाबाई पन्नाशीची, काटक आणि तोंडाळ बाई होती. पाठ मोडेपर्यंत वाकून काम करायचे आणि त्यात बोलत राहायचे, ही तिची रीत. ओळीत वंदना नेहमी तिच्या डाव्या हाताला असे. दोघींच्या खुरप्यांखाली कपाशीतले गाजरगवत मुळासकट येई आणि पाठीमागे ढीग पडत जाई. फुलांचा भुरका घामाने दंडांना चिकटून राही.

घरी जाण्याआधी वंदना कॅनॉलच्या पाण्यात हातपाय धुऊन केस झटकत असे. ते पाहून मैनाबाई म्हणाली, "तू तं पोरीले अशी जपते वं, जशी संत्री पेटीत भरून दिल्लीले धाडायची हाय."

बाकीच्या हसल्या. वंदनाही हसली. पण घरी पोचल्यावर अंजू धावत येऊन तिच्या पोटाला मिठी मारून उभी राहिली, आणि थोड्याच वेळात तिचा वरचा ओठ सुजला. असे याआधीही झाले होते. वंदनाला वाटत आले होते की मुलगी दिवसभर दाबून ठेवते आणि आई दिसली की तिचा बांध फुटतो.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी शालिकरामने आपल्या परीने उपाय केला होता. दाराशी रोवलेल्या पळसाच्या फांद्या पहाटे उपटून गावाच्या शिवेवर टाकायच्या आणि खोकला, ताप, माश्या, मच्छर सगळे बरोबर घेऊन जा म्हणून मारबतीला ओरडून सांगायचे, हा तिथला रिवाज. या वर्षी त्याने एक फांदी अंजूच्या हातात दिली. तुझा रोग तूच नेऊन टाक, म्हणाला. शिवेपर्यंतची वाट दोन्ही बाजूंनी पांढरी झालेली होती. अंजू सगळ्यांत मोठ्याने ओरडली आणि परत आली ती वैभवच्या खांद्यावर. म्हाताऱ्याला वाटले, पोरीला पहाटेचा गारवा बाधला.

दसऱ्याआधी वैभवने ट्रॅक्टरचा खाडा केला आणि तिघे नागपूरला गेले. फक्त असल्याच तक्रारी पाहणाऱ्या डॉक्टरबाई धंतोलीत आहेत, असे त्याला कोणीतरी सांगितले होते. अंजूच्या हातावर त्यांनी पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेवर एक थेंब टाकला आणि सुईने टोचले. हात टेबलावर ठेवून बसायचे, खाजवायचे नाही. अंजूने दुसऱ्या हाताने आईचा पदर घट्ट धरला. हळूहळू एका खुणेभोवतीची कातडी वर आली, पांढरी पडली, तिच्या कडेला लाल झाले, आणि ते वाढत वाढत शेजारच्या खुणांना जाऊन मिळाले. बाकीचे थेंब जवळजवळ तसेच होते. धुळीच्या खुणेवर डास चावल्याएवढीही गाठ नव्हती.

ते गाजरगवत होते. डॉक्टरबाई समजावून सांगू लागल्या. हा ताप नाही, लागट नाही, कोणाची चूक नाही. फुलांतली भुकटी वाऱ्यावर येते, नाकात, डोळ्यांत बसते. हिच्या बाबतीत आता छातीपर्यंत उतरली आहे, आणि ती बाब गंभीर आहे. नाकातला फवारा रोज मारायचा, बरे वाटले म्हणून सोडायचा नाही. मिठाच्या पाण्याने नाक धुवायचे. छातीचा पंप जवळ ठेवायचा. फुलांच्या दिवसांत खिडक्या बंद, बाहेरून आले की आंघोळ, बाहेरचे कपडे बाहेर. वैभवने विचारले, हे मुळातून जाणार नाही का. त्या म्हणाल्या, लस असते, पण ती वर्षानुवर्षे घ्यावी लागते, सुरुवातीला दर आठवड्याला यावे लागते. आणि छाती अशी असताना ती सुरू करता येणार नाही. आधी एखादा मोसम तरी हिला भुकटीपासून लांब ठेवून छाती शांत व्हायला हवी.

मग त्यांनी लिहिता लिहिता विचारले, "अंथरूण कुठे वाळवता?"

वंदनाने सांगितले. रोज वाळवते हेही सांगितले. त्यात थोडा अभिमान होता. तो डॉक्टरबाईंना ऐकू आला असावा, कारण त्यांनी पेन खाली ठेवले.

"त्या तारेच्या आत काय आहे?"

वंदनाने वैभवकडे पाहिले. वैभव म्हणाला, "तेच हाय, मॅडम."

"तुम्ही ऊन दाखवलंत ते बरोबरच होतं," डॉक्टरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "कोणीतरी जागा विचारायला हवी होती."

परतीच्या बसमध्ये अंजू खिडकी सोडून आतल्या बाजूला, तोंडाला मास्क बांधून, वैभवला टेकून झोपली. वंदना पुढच्या सीटच्या दांडीकडे पाहत होती. झटकलेली गोधडी, उन्हाकडे केलेली बाजू, आणि संध्याकाळी उबदार झालेली ती गोधडी आपण स्वतः मुलीच्या गळ्यापर्यंत ओढत होतो, हे तिला क्रमाने दिसत होते. कॅनॉलवर धुतलेले हात आणि न धुतलेले लुगडे दिसत होते. वैभवने एकदा तिच्या हातावर हात ठेवला. तिने तो हलवला नाही आणि स्वतःचाही हलवला नाही.

त्यानंतर घराची सगळी रीत बदलली. गोधडी धुऊन चुलीच्या वर, आतल्या दोरीवर वाळू लागली. तिला धुराचा वास येई, पण अंजूने कुरकुर केली नाही. खिडकीला वैभवने प्लास्टिक ठोकले. ऑक्टोबरचा उकाडा आत कोंडून राही आणि चौघांच्या अंगावर घामोळे उठले. कामावरून आली की वंदना मागच्या दारानेच न्हाणीत शिरे, डोक्यावरून पाणी घेई, लुगडे बादलीत बुडवून ठेवी आणि ओल्या केसांनीच घरात येई. अंजूला सांगितले होते की तोवर जवळ यायचे नाही. पहिले काही दिवस ती विसरली. मग तिच्या लक्षात राहू लागले. आई दिसली की ती धावत निघे आणि उंबरठ्याच्या आत येऊन थांबे. दोन्ही हात मागे बांधून, न्हाणीतल्या पाण्याचा आवाज ऐकत ती तिथेच उभी राही.

थोडा फरक पडला. डोळे कमी चिकटू लागले. पण छाती वाजायची थांबली नाही. घर कौलारू होते. वारा कुठूनही येत होता.

वैभवने भैय्याजींना फोन केला. तुमच्या लेआउटातले गवत आम्ही आमच्या हाताने काढतो, तुम्हाला काही द्यायचे नाही, फक्त हो म्हणा.  मग भैय्याजी म्हणाले, "आज गवत काढान, उद्या तूर पेरान, परवा म्हणान का आमचा ताबा हाय. मले खेड्यातले लोक शिकवू नको." वैभवने मुलीचा आजार सांगायला सुरुवात केली. भैय्याजींनी मुलीला डॉक्टरकडे न्यायचा सल्ला दिला आणि फोन ठेवला.

हे बोलणे शालिकरामने ओसरीत बसून ऐकले होते. रविवारी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर त्याने अंजूला आतल्या खोलीत बसवले, खिडकीचे प्लास्टिक नीट खोचलेले आहे ना ते पाहिले, दाराच्या फटीत ओले पोते लावले. मग डोक्याला दुपटे बांधून तो तारेच्या आत शिरला. दिवसभर तो उपटत राहिला. वयाच्या मानाने त्याच्या हातांत अजून जोर होता. झाड मुळाशी धरून एक हिसका दिला की माती सुटून येई. ऊन उतरेपर्यंत बोळाकडची सगळी पट्टी त्याने मोकळी केली आणि तारेपासून अंतर राखून ढीग रचला. शेत साफ करायचे म्हणजे उपटायचे, गोळा करायचे, पेटवायचे. याखेरीज दुसरी रीत त्याने आयुष्यात पाहिली नव्हती. ढिगाखाली त्याने मूठभर वाळक्या तुराट्या घातल्या आणि काडी ओढली.

हिरवे गवत जळले नाही, धुमसले. पांढरा, जड धूर जमिनीवरून सरकत बोळात आला आणि घराच्या भिंतीला लागून वर चढला. तो कौलांतून आत उतरतो आहे, हे म्हाताऱ्याला आधी कळले नाही. तो काठीने ढीग उचकटून आग मोठी करायच्या खटपटीत होता. आतून भांडे पडल्याचा आवाज आला तेव्हा त्याने मान वळवली.

वैभव ट्रॅक्टर घेऊन बोळाच्या तोंडाशी आला त्याच वेळी शालिकराम अंजूला हातांवर घेऊन बाहेर येत होता. तिच्या गळ्याखालची खाच प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठ जांभळट झाले होते. ती रडत नव्हती, कारण रडायलाही हवा लागते. पंप मारूनही उतार पडला नाही, तेव्हा शेजारच्याच्या मोटारसायकलवर वैभवने तिला सावनेरला नेले. तोंडावर वाफेचा मास्क बसवून नर्सने तिला उभे धरले. वंदना मागून कामाच्याच लुगड्यात पोचली आणि खोलीच्या दारातच थांबली. नर्स तिला आत या म्हणाली. ती म्हणाली, "मी अशीच बरी हाय," आणि काचेतून पाहत राहिली.

म्हातारा त्या दिवशी घरीच बसून होता. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आणि पाठीवरही लाल पुरळ उठले होते आणि तो ते नखांनी ओरबाडत होता. वंदनाने परत आल्यावर त्याला खोबरेल तेल आणून दिले. तो म्हणाला, "मी तिले कोंडून ठेवलं होतं वं. फट सुदिक ठेवली नाही."

"माहीत हाय, मामाजी," ती म्हणाली.  मग त्याच्या पाठीला हात लागत नव्हता म्हणून तिथले तेलही तिनेच लावले.

सावनेरहून अंजूला घरी आणता येत नव्हते. तिथूनच वैभव तिला आपल्या बहिणीकडे, नागपुरात इतवारीला घेऊन गेला. इंदुताई त्याच्याहून मोठी. तिचा नवरा भांड्यांच्या दुकानात तोलाईचे काम करी. त्यांना मूलबाळ नव्हते. दुकानांच्या मागच्या अरुंद गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. मुलीला माझ्याकडे ठेवा, असे ती मागच्या वर्षीही म्हणाली होती, आणि वंदनाने तेव्हा विषय बदलला होता. पुढे कितीतरी दिवस तिने इंदुताईचा फोन उचलला नव्हता. एकदा दिलेले लेकरू अर्धेच परत येते, अशी भीती तिच्या मनात होती, आणि ती तिने वैभवलाही सांगितली नव्हती.

आताही ती म्हणाली, दिवाळीपर्यंतच. तोवर लेआउटातली मोकळी झालेली पट्टी कोरडीच राहील, अशी तिला आशा होती. दसरा झाला आणि परतीचा पाऊस दोन दिवस बरसला. त्यानंतरच्या आठवड्यात काळ्या राखेच्या वर्तुळातूनसुद्धा गाजराच्या पानांसारखी कोवळी, नक्षीदार रोपे दाटीने वर आली. शालिकराम तारेशी उभा राहून ती पाहत असे. हाताला पट्ट्या होत्या, तरी तो एकदा तारेखालून वाकला. वंदनाने त्याला दंड धरून मागे ओढले.

दिवाळी चार दिवसांवर आली तेव्हा ती अंजूला आणायला निघाली. त्याआधी तिने गोधडी गरम पाण्यातून दोनदा काढली, आतल्या दोरीवर वाळवली, इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री फिरवून घेतली आणि नव्या प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवली. अंजूने फोनवर तेवढीच एक वस्तू मागितली होती. स्वतः ती डोक्यावरून न्हाली आणि पेटीतली घडीची साडी नेसली.

इतवारीत ऑटो गल्लीच्या तोंडाशीच थांबला. पुढे हातगाड्या आणि टेम्पो एकमेकांत अडकले होते. पितळी घागरींच्या उतरंडींमधून वाट काढत ती चालली. दोन्ही बाजूंना दुकाने, वर घरे, त्यांच्यावर घरे. पायाखाली फरशी आणि सिमेंट. चालता चालता तिच्या लक्षात आले की आपण काहीतरी शोधतो आहोत. साऱ्या गल्लीत तिला गवताची एक काडी दिसली नाही. एका खिडकीत तुळस होती, तीही डब्यात.

अंजू दुपारची झोपली होती. कुशीवर, एका उशीवर, हात गालाखाली घेऊन. वंदना दारात उभी राहिली आणि तिला आधी भीती वाटली, कारण आवाज येत नव्हता. मग तिने पाहिले की मुलीचे तोंड मिटलेले आहे. तिची छाती वर येत होती आणि खाली जात होती. असे मिटलेल्या तोंडाचे झोपलेले मूल तिने या दिवसांत दोन वर्षे पाहिले नव्हते. तिचा वरचा ओठ मुळात असा आहे, मधोमध थोडा उचललेला, हे ती विसरून गेली होती.

इंदुताईने चहा ठेवला. त्या दोघी हळू आवाजात बोलल्या. इंदुताई सांगत होती की पहिले दोन-तीन दिवस जड गेले, मग उतार पडला. फवारा ती न चुकता मारते. जवळच्या शाळेत ओळखीच्या बाई आहेत, त्या वर्गात बसू देतात. हे सांगताना तिचा चेहरा खुलत होता. ते लक्षात आल्यावर ती मध्येच थांबली.

"मी तिले चोरून नाही राहिली, वंदना."

"चोरली असती तं भांडली असती मी, ताई," वंदना म्हणाली.

अंजू उठली आणि आईला बिलगली. खूप दिवसांनी तिला थांबायला कोणी सांगितले नाही. ती दाढेच्या दुखण्याचे, खालच्या दुकानातल्या मांजराचे, शेंबडी न म्हणणाऱ्या मैत्रिणीचे सांगत राहिली. संध्याकाळी पिशवीतून गोधडी काढल्यावर तिने ती तोंडावर दाबून धरली आणि म्हणाली, "धुराचा वास गेला, आई." तीच पांघरून ती झोपली.

पहाटे वंदनाला शिंकांनी जाग आली. तिने त्या अंधारात ऐकल्या, अगदी शेवटच्या शिंकेपर्यंत. उजाडल्यावर पाहिले तर अंजू भिंतीला टेकून बसली होती. डोळे चिकटलेले होते. गोधडी खाली फरशीवर होती.

"मी नाही टाकली," अंजू डोळे मिटूनच म्हणाली. "पडली ती."

वंदनाने गोधडी उचलून घडी घातली. गरम पाण्यातून दोनदा काढलेल्या त्या तीन लुगड्यांत गाव कुठे राहून गेले होते, की ते तिच्या स्वतःच्याच अंगावर, केसांच्या मुळांशी आले होते, हे तिला सांगता आले नसते. तिने घडी पिशवीत घातली आणि पिशवीचे तोंड बांधले. मग इंदुताईला हाक मारून कोमट पाणी आणि सुती कापड मागितले.

"ओढायचं नाही," ती म्हणाली. "आपोआप सुटेपर्यंत थांबायचं. नाकाकडून कानाकडे. दुसऱ्या डोळ्याले दुसरं टोक."

एक डोळा तिने करून दाखवला आणि कापड इंदुताईच्या हातात दिले. इंदुताईने दुसरा केला. तिने घाई केली नाही. दोन्ही डोळे उघडल्यावर अंजूने आधी छताकडे पाहिले, मग आईच्या काखेतल्या पिशवीकडे.

"दिवाळीले नाही न्यायची का मले?"

"फुलं हायेत अजून."

"फुलं गेल्यावर?"

"तवा येईन मी," वंदना म्हणाली. पुढच्या वर्षी फुले पुन्हा येतात, हे अंजूलाही माहीत होते.  तिने फक्त आबाजीच्या हाताची खाज गेली का ते विचारले.

वैभवने मुलीच्या शाळेच्या दाखल्याचे काय करायचे ते फोनवर विचारले. वंदना म्हणाली, काढून ठेवा.  खालच्या गल्लीत दुकानांची शटर उघडू लागली होती. इंदुताई जिन्यापर्यंत आली. वंदनाने तिच्या हाताला हात लावला, आणि मुलीला पुन्हा जवळ न घेता ती खाली उतरली.

खाप्याला ती दुपारी पोचली. बोळात आकाशकंदील लागले होते. शालिकराम ओसरीत बसून होता. तिच्या मागे कोणी नाही हे पाहून त्याने मान खाली घातली आणि पट्टीची गाठ सोडून पुन्हा बांधायला घेतली. वैभवने खिडकीचे प्लास्टिक तसेच ठेवले होते. रात्रीचा स्वयंपाक झाला, जेवणे झाली.

सकाळी तिने चूल पेटवली. सवयीने पाणी जास्त ठेवले गेले, ते तिने भाजीत ओतले. आंघोळ झाल्यावर, आता घरात अंजू नाही म्हणून, खिडकीचे खिळे काढून प्लास्टिक गुंडाळून ठेवले. वारा आत आला. मग तिने पिशवी सोडून गोधडी बाहेर काढली, मागच्या दाराबाहेर नेऊन दोनदा झटकली, बोळ ओलांडला आणि लेआउटच्या तारेवर ती उन्हात पसरली. तारेचे काटे गोधडीत अडकले. आत, राखेच्या जागी, गवताला बारीक पांढऱ्या कळ्या धरल्या होत्या.

खुरपे घेऊन ती मैनाबाईच्या मागोमाग कामाला गेली.